मागून पुसत फिरू नकोस

काल तुझा फोन चालू असताना मागे धाडकन काहीतरी पडलं, मग तुझं "तू जा बरं बाहेर, टीव्ही लाव" ऐकू आलं आणि मग तू मला म्हणालीस, "काही नाही गं ताई, कणकेचा डबा." मी हसले नाही हं. म्हणजे फोन ठेवल्यावर हसले. तो डबा माझ्याकडेही सांडलाय गं, एकदा नाही, चांगला तीन-चारदा. आणि दर वेळी टीव्ही मीसुद्धा लावून दिलाय.

तुझी अडचण मला कळते. लेक पाच वर्षांची, तिला लाटणं हवं. तुला आठाच्या आत दोन डबे, सासऱ्यांच्या गोळ्या, स्वतःची वेणी आणि मग विजयनगरचा तो ट्रॅफिक. त्यात तिची ती तीन कोनांची पोळी कुठे बसवायची? खरं सांगू का, मुलं मदतीला धावतात त्या वयात त्यांचा काही उपयोग नसतो, आणि उपयोग व्हायला लागतो तोवर धावायची थांबलेली असतात. मधली तीन-चार वर्षं त्यांना सांडू दिलं, तर पुढे तू आजारी पडलीस की घरात निदान खिचडी तरी शिजते. नाही सांडू दिलं, तर बाराव्या वर्षी "मम्मी, पाणी" अशी सोफ्यावरून हाक येते. मला दोन्ही अनुभव आहेत. थोरल्याच्या वेळी चुकले, धाकटीच्या वेळी शहाणी झाले.

थोरल्याचं सांगते. साडेचार वर्षांचा असेल. एकदा दुपारी त्यानं आपणहून झाडू घेतला आणि सगळा हॉल झाडला. झाडला म्हणजे काय, कोपऱ्यातला कचरा मध्ये आणला आणि मधला सोफ्याखाली सारला. मी "शाब्बास रे" म्हटलं. तो पाणी प्यायला वळला आणि मी झाडू उचलून तीच फरशी पुन्हा काढायला घेतली. मान वर केली तर हा दारात उभा, हातात पेला. काही बोलला नाही. पण त्यानंतर झाडू म्हटलं की एकच उत्तर, "तूच कर, तुला चांगलं येतं." पाच-सहा वर्षं ऐकलं मी ते. बघ, मी त्याला रागावले नव्हते, उलट शाब्बास म्हटलं होतं. पण ती शाब्बासकी खोटी निघाली, हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

म्हणून तुला पहिली ताकीद हीच. तिनं पुसलेलं पुन्हा पुसू नकोस. तिनं केलेली घडी उकलून नीट करू नकोस. अगदीच राहवलं नाही तर ती झोपल्यावर कर, चोरासारखी. किंवा तिलाच म्हण, "सोफ्याखाली बघ गं, काही लपलंय का." ते त्यांना आवडतं, लपलेलं शोधायला. आणि टॉवेलच्या घड्या वेड्यावाकड्या असल्या म्हणून अंग काही कमी पुसलं जात नाही.

आता वेळेचं. सकाळी आठला लाटणं द्यायचं नाही. त्या वेळी तू स्वतःच कढईतल्या मोहरीसारखी तडतडत असतेस. तिला सरळ सांग, "आत्ता नाही, रविवारी पोहे तुझ्याकडे." आणि मग रविवारी ते खरंच तिच्याकडे दे. इंदूरच्या घरात रविवारचे पोहे म्हणजे काही लहान खातं नाही!

धाकटीला मी पोहे असेच शिकवले. चाळणीत पोहे घेतले, नळ बारीक सोडला आणि तिला सांगितलं, हातानं हलकेच फिरव, मग एक पोहा चिमटीत दाबून बघ. मोडला पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. पहिल्या रविवारी बाईसाहेबांनी नळाखाली चाळणी धरली ती धरलीच, गाणं पूर्ण होईपर्यंत. पोह्यांची लापशी झाली. मी तोंडापर्यंत आलेलं गिळलं, त्यात उकडलेला बटाटा आणि बेसन मिसळलं आणि टिक्क्या थापल्या. दुसऱ्या रविवारी तिनं दर अर्ध्या मिनिटाला एक पोहा दाबून बघितला. तिसऱ्या रविवारी माझ्यापेक्षा बरे भिजले होते. वरून शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे पेरणं हेही खातं तिचंच. जिरावण मसाल्याची डबी मात्र तिच्या हाती देताना मी झाकणाची भोकं बघायला विसरले, आणि ह्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते तिच्या कौतुकाचं नव्हतं.

थंडीत बटले, म्हणजे मटार, आले की तर दोन वर्षांचं पोरही कामाला लागतं. एक परात, एक शेंगांचा ढीग. चार दाणे भांड्यात, सहा तोंडात, एक कपाटाखाली. चालू दे. तेवढ्या वेळात तुझी अर्धी कोथिंबीर निवडून होते आणि कोणी मोबाइल मागत नाही.

मी हे काही नवीन सांगत नाहीये बघ. माँटेसरीबाईंनी 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हा मुलांच्या हाती त्यांच्या मापाचे खरे झाडू, खऱ्या बश्या दिल्या. खेळण्यातल्या नव्हेत, फुटणाऱ्या. आपल्या ताराबाई मोडकांनी तीच वाट इकडच्या मातीत आणली, 1945 मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर. महाग साधनं परवडणार नाहीत म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं घेतली आणि शाळेत मुलं येत नाहीत म्हणून वस्तीतल्या अंगणातच शाळा नेली. मला त्यातलं एवढंच उचलावंसं वाटतं की वस्तू खरी हवी आणि मुलाच्या हाताला बसेल अशी हवी. तुझ्या लेकीला ते गुलाबी प्लॅस्टिकचं भातुकलीचं लाटणं देऊ नकोस. पापडाचं छोटं लाटणं असेल ना घरात? ते दे. आणि ओट्याशी एक पक्का पाट ठेव, हलणारं स्टूल नको.

सुरी, गॅस, कुकर, ॲसिडची बाटली, हे मात्र तुझं तू सांभाळ. माझ्याकडे नियम असा होता की नऊ-दहा वर्षांपर्यंत पेटत्या गॅसशी हात नाही, त्यानंतरही मी शेजारी असेन तेव्हाच. फिनाइल कधीच नाही, साध्या पाण्यानं पुसू दे.

आता आपल्या गावाचा एक फायदा सांगते, जो पुण्या-मुंबईच्या माझ्या बहिणींना नाही. आपली कचरागाडी! धाकटी पहिलीत होती तेव्हा घरातलं सगळ्यांत मानाचं काम मी तिला दिलं, कचरा वेगळा करायचं. ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घातक, असे सहा प्रकार आहेत गं, मोठ्या माणसांची दांडी उडते. ह्यांनी एकदा दाढीचं ब्लेड सुक्यात टाकलं तर तिनं त्यांना बैठकीत पाहुण्यांसमोर उभं केलं. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत वळली की ही चपला शोधत धावते. शहर 2017 पासून 2023 पर्यंत दर वेळी स्वच्छतेत पहिलं आलं, 2023 ला सुरतेबरोबर तो नंबर वाटून घेतला, हे तिला आपल्या वर्गात पहिलं आल्यासारखं वाटतं. आणि का वाटू नये? तिनं एकदा विचारलं, सालं जातात कुठे? मी सांगितलं की देवगुराडियाला, तिथे 2022 पासून मोठा कारखाना आहे, दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करू शकेल एवढा, आणि त्या गॅसवर शहरातल्या काही बसही धावतात. तेव्हापासून बस दिसली की म्हणते, "ह्यात आपली केळ्याची सालं आहेत." आता तिला कचऱ्याचं मला काही सांगावं लागत नाही. मुलांना काम कुठे जाऊन पोचतं ते दिसलं ना, की अर्धी कुरकुर तिथेच संपते.

थोरल्याला असंच पाण्याचं खातं दिलं होतं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. नळ आला की मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची. पहिल्याच आठवड्यात हा क्रिकेट बघत बसला आणि टाकी वाहून जिन्यातून धबधबा. शेजारच्या काकू छत्री घेऊन वर आल्या, खोटं नाही सांगत. मी त्याच्यावर इतकी ओरडले की मलाच नंतर लाज वाटली, कारण मोटर चालू ठेवून सासूबाईंशी गप्पा मारत टाकी मीही वाहवलीय, तेव्हा मला कोण ओरडलं होतं? संध्याकाळी त्याला जवळ घेऊन सांगितलं की हे पाणी 70 किलोमीटरवरून, जलूदहून, घाट चढून येतं, 1978 पासून. त्याआधी तुझी पणजी उन्हाळ्यात दोन बादल्यांत घर चालवायची. तो काही बोलला नाही. पण काम मी काढून घेतलं नाही, आणि त्यानं आपल्या मनानं घड्याळात गजर लावला. चूक झाली की काम काढून घ्यायचा मोह होतो बघ. तेवढा आवर.

तुझा धाकटा मुलगा आहे म्हणून घरून थोडं ऐकावं लागेल, ते गृहीत धर. त्याच्या हातात उद्या फडकं दिसलं की कोणीतरी म्हणेलच, "अगं, पोराला काय हे?" माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या. मी वाद घातला नाही. त्यांचं आवडतं पुस्तक 'श्यामची आई'. मी नुसतं विचारलं, आई आजारी होती तेव्हा वडाला प्रदक्षिणा कोणी घातल्या होत्या हो? श्यामलाही आधी लाजच वाटली होती ना? त्या हसल्या आणि नातवाला म्हणाल्या, "कोपऱ्यात राहिलंय रे." खरं तर आकडेही सांगता आले असते. 2019 च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची 299 मिनिटं त्यात जात होती आणि पुरुषांची 97, तेही घरकाम करणाऱ्यांचे! पण सासूबाईंपुढे श्यामच जास्त चालतो.

आणखी एक, जरा कडू आहे, पण सांगते. मोठी मुलगी आहे म्हणून तिलाच सगळं देऊ नकोस. "ताई आहेस ना तू" म्हणत आपण पोरीला छोटी आई करून टाकतो. मी स्वतः तशी ताई होते. अजून कुणी नुसतं "ताई" म्हटलं की माझे हात आपोआप भांड्यांकडे जातात. तुझ्या लेकीनं आपलं ताट उचलावं, भावाचं भावानं.

आणि हो, पैसे देऊ नकोस. मी दिले होते. एका कामाला पाच रुपये, भिंतीवर तक्ता, सोनेरी चांदण्या, सगळा थाट. एक आठवडा घर आरशासारखं. मग एके दिवशी आजोबांनी पाणी मागितलं तर थोरला विचारतो, "ह्याचे किती?" तक्ता त्याच रात्री उतरवला. खाऊला पैसे द्यायचे ते वेगळे, असेच.

"बाई येते की आपल्याकडे, मग मुलांनी कशाला?" हे तू म्हणाली नाहीस, पण मनात आहे ते मला माहितीय. अगं, बाई येते म्हणूनच. बाईंनी एकदा धाकटीच्या ताटातला वाळलेला वरणभात नखानं खरवडला, ते तिनं बघितलं आणि मी काही न सांगता पुढच्या वेळेपासून ताट पाण्यात बुडवून ठेवायला लागली. मला वाटतं सुरुवात तिथूनच कर. ताट उचलायचं, उष्टं डब्यात, ताट पाण्यात. एवढं एकच, महिनाभर. दुसरं काही जोडू नकोस. तू उत्साहात दहा कामं वाटशील आणि गुरुवारपर्यंत सगळी परत तुझ्याच गळ्यात येतील, ओळखते मी तुला.

काही दिवस नाही करणार ती. रुसेल, "मला नाही येत" म्हणेल, जमिनीवर लोळेल. तूही कधी दमून "राहू दे गं, ठेव तिथेच" म्हणशील. म्हण. एका दिवसानं काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी परत सुरू कर, भाषण न देता. तू जमवशील गं. परीक्षेच्या दिवसांत तू आख्ख्या हॉस्टेलची मॅगी एका इलेक्ट्रिक किटलीत केलेली मी बघितलीय.

बरं, ठेवते आता. गल्लीत गाडीचं गाणं आलं. धाकटी सहा डबे पोटाशी धरून जिना उतरतेय, उजवी चप्पल डाव्या पायात, आणि ओल्याच्या डब्यातून चहाचा चोथा पायरी पायरीवर सांडत चाललाय. मी बघत नाहीये.