लहान रसशाळा व चिकित्सालय : तंत्रज्ञानाचा डोळस उपयोग



आपल्या व्यवसायाची दोन अंगे आहेत. एक भेषजनिर्माणाचे व दुसरे रुग्णसेवेचे. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत भिषकानंतर लगेच द्रव्यास स्थान दिले आहे आणि बहुता, योग्यता, अनेकविध कल्पना व संपत् असे द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत. यांतील संपत् म्हणजे द्रव्याची निर्दोष गुणयुक्तता. ती प्रत्येक वेळी सारखी राहावी यासाठी आजची साधने कशी उपयोगी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक अनुभव

कोकणपट्टीतील आमच्या चिकित्सालयास जोडून एक लहान रसशाळा आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणात एका वृद्ध रुग्णाने त्रिफळाचूर्णाची पुडी परत आणली. चूर्णाच्या गाठी झाल्या होत्या आणि त्यांवर बुरशी दिसत होती. पुडी बदलून दिली. परंतु तेच चूर्ण आणखी कोणाकोणास दिले गेले, या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुडीवर क्रमांक नव्हता, निर्मितीची तारीख नव्हती, वितरणाची नोंद नव्हती. तीन दिवस केसपेपर चाळून व स्मरणावर विसंबून रुग्णांना निरोप धाडले. ते सर्वांपर्यंत पोहोचले की नाही, हे आम्हांस आजही सांगता येत नाही. दोष सर्वस्वी आमचा होता.

कायद्याची सूट आणि वैद्याचे उत्तरदायित्व

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील परिशिष्ट 'टी' अन्वये आयुर्वेदीय औषधांसाठी उत्तम निर्मिती पद्धतीचे निकष सन 2000 मध्ये लागू झाले. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या व ते बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास त्यांतून सूट आहे. मात्र ही सूट कायद्याने दिलेली आहे, रुग्णाने नव्हे. चूर्णाला बुरशी लागताना ते कारखान्यात बनले की वैद्याच्या घरी, असा भेद होत नाही.

शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिने टिकते असे सांगितले आहे. सन 2016 च्या नियमानुसार चूर्णाचा वापरकाल दोन वर्षे धरला जातो. हे अंतर शास्त्राला खोटे ठरवीत नाही. पूर्वी चूर्ण खुल्या हवेच्या संपर्कात राही. आज ते कोरडे करून हवाबंद भरता येते. अर्थात नीट वाळविणे व हवाबंद भरणे या दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत, तर दोन वर्षांचा आधार घेण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

निर्माणातील उपयोग

1. आर्द्रता : चूर्ण हातास कोरडे लागले म्हणजे ते कोरडे असतेच असे नाही. ठराविक वजनाचा नमुना 105 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत तापवावा. वजनात आलेली घट म्हणजे मुख्यत्वे त्यातील पाणी. यासाठी अचूक तराजू व लहान ओव्हन पुरेसे आहेत. पावसाळ्यात भरणीच्या खोलीतील हवा कोरडी ठेवणारे यंत्र व आर्द्रतामापक असावा. आमच्याकडे भरणीपूर्वी ही तपासणी आता चुकत नाही.

2. स्नेहपाक : पाकात पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या आसपास रेंगाळते, पाणी सरत आले की ते वर चढू लागते. तापमापक पातेल्यात ठेवल्यास हा क्षण दिसतो व खरपाक टाळता येतो. तरीही कल्काची वर्ती होणे, ती अग्नीत टाकली असता तडतड न होणे, तैलात फेनोद्गम व घृतात फेनशांती ही लक्षणेच अंतिम प्रमाण होत. तापमापक वर्तीची जागा घेत नाही. वर्ती केव्हा पाहावी, हे तो सांगतो.

3. पेषण : वेगाने चालणाऱ्या पल्व्हरायझरमध्ये उष्णता निर्माण होते. एला, त्वक्, लवंग यांसारखी सुगंधी द्रव्ये त्यात सलग दळल्यास उडनशील तैल कमी होते. ती स्वतंत्रपणे, थोडी थोडी व मध्ये यंत्र थंड होऊ देऊन दळावीत.

4. बॅच क्रमांक : प्रत्येक बॅचला क्रमांक द्यावा. त्यापुढे कच्च्या द्रव्याचा स्रोत, वजन, तारीख, पाकाचे तापमान व तयार मालाचे वजन लिहावे. काही बिघडल्यास कोणत्या टप्प्यावर बिघडले, हे यावरून शोधता येते.

सेवेतील उपयोग

चिकित्सालयात संगणकाचा पहिला उपयोग बिले काढण्यासाठी होतो. तो पुरेसा नाही. रुग्णाच्या नोंदीत प्रकृती, निदान, दिलेले औषध व त्याचा बॅच क्रमांक एकत्र असावा. रुग्ण घेत असलेली आधुनिक औषधेही लिहावीत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णास मेषशृंगी देताना ही एक ओळ त्यास हायपोग्लायसेमियापासून वाचवू शकते. पंचकर्मात स्नेहपानाची रोजची मात्रा, जीर्यमाण लक्षणे, वेगसंख्या व रक्तदाब यांचा तक्ता ठेवल्यास पुढील वेळी मात्रा ठरविणे सोपे जाते.

निदानाच्या संज्ञाही एकसारख्या असाव्यात. यासाठी सन 2017 मध्ये नमस्ते पोर्टल सुरू झाले आणि जानेवारी 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आय.सी.डी.-11 मधील आयुर्वेदाचा समावेश असलेला विभाग नवी दिल्ली येथे प्रसिद्ध झाला. आपण 'आमवात' कोणत्या अर्थाने लिहितो हे निश्चित असेल, तरच आपल्या शंभर रुग्णांचा अनुभव दुसऱ्या वैद्याच्या उपयोगी पडेल. रुग्णाची माहिती गोपनीय असते, म्हणून संगणकास संकेतशब्द व नोंदींची दुसरी प्रत आवश्यक आहे.

मर्यादा

यंत्र मोजते, अर्थ वैद्याने लावावयाचा असतो. चुकीचे ओळखलेले द्रव्य कितीही नीट वाळविले तरी ते चुकीचेच राहते. सदोष तापमापकावर ठेवलेला विश्वास तर अंदाजापेक्षाही घातक ठरतो; म्हणून उपकरणांची वेळोवेळी पडताळणी करावी.

उपसंहार

हे सर्व एकदम करणे लहान चिकित्सालयास परवडत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. प्रारंभ एका वहीने व शिक्क्याने करावा. प्रत्येक पुडीवर क्रमांक व तारीख, आणि तोच क्रमांक रुग्णाच्या कागदावर, एवढे उद्यापासून शक्य आहे. नंतर तराजू व तापमापक, आणि शेवटी संगणक.

मागील पावसाळ्यात आमच्याकडील एका चूर्णाविषयी पुन्हा शंका आली. वही उघडली, त्या बॅचच्या अकरा पुड्या गेल्या होत्या. सायंकाळपर्यंत अकराही रुग्णांशी बोलणे झाले व सर्व पुड्या परत आल्या. तपासणीत चूर्ण निर्दोष निघाले. त्या रात्री मात्र आम्हांस निश्चिंत झोप लागली, आणि तिचे श्रेय त्या वहीस होते.