ट्रॅक्टरचा ब्रेक धरून राहतो का? दोष असा शोधा

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर शेतापेक्षा रस्त्यावर जास्त धावतो. ब्रेक लागत नसेल तर आपण लगेच मिस्त्रीकडे जातो. परंतु ब्रेक सुटत नसेल तर तिकडे दुर्लक्ष होते, कारण ट्रॅक्टर चालत असतो. पेडलवरून पाय काढल्यावरही ब्रेक थोडा लागून राहिला, तर डिझेल जादा जळते आणि लायनिंग लवकर झिजते. सर्वांत मोठा धोका म्हणजे, सतत घासून तापलेल्या लायनिंगची पकड कमी होते. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. अशी भरलेली ट्रॉली उतारावर मागून रेटू लागली, तर तापलेला ब्रेक तिला आवरू शकत नाही.

लक्षणे

१) सपाट रस्त्यावर न्यूट्रल केल्यावर ट्रॅक्टर नेहमीपेक्षा लवकर थांबतो.
२) ब्रेक न लावताही ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो.
३) मागच्या एका चाकाजवळील ब्रेकचे कवच दुसऱ्यापेक्षा जास्त तापते.
४) सुक्या ब्रेकमध्ये लायनिंग जळाल्याचा वास येतो. ऑइल ब्रेकमध्ये हा वास येत नाही, म्हणून तेथे उष्णतेकडे लक्ष द्यावे.

तपासणीचा क्रम

१) टायर व हँडब्रेक : टायरमध्ये हवा कमी असली तरी ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. म्हणून प्रथम दोन्ही बाजूंची हवा सारखी करावी. हँडब्रेक पूर्ण सुटतो का, तेही पाहावे.

२) उष्णता : ब्रेकचा वापर शक्यतो टाळून दोन-तीन किलोमीटर चालवावे. नंतर हाताची पाठ कवचाजवळ नेऊन अंदाज घ्यावा; तळवा टेकवू नये. दोन्ही बाजू तापल्या असतील तर हँडब्रेक किंवा पेडलवर पाय ठेवण्याची सवय हे कारण असू शकते. एकच बाजू तापली असेल तर दोष त्या बाजूला आहे.

३) पेडल : प्रत्येक पेडल हाताने दाबून पाहावे. ब्रेक लागण्यापूर्वी पेडलला थोडी मोकळी चाल हवी. ती किती असावी, हे ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. चाल अजिबात नसेल तर रॉड जादा आवळलेला आहे. पेडल सावकाश वर येत असेल तर स्प्रिंग कमजोर आहे किंवा चिखलणीतील माती व गंजामुळे पेडलचा शाफ्ट धरला आहे.

४) चाक उचलून तपासणी : सपाट, टणक जागी ट्रॉली सोडून इंजिन बंद करावे. या तपासणीत हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून जमिनीवर राहणाऱ्या तिन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत. मागचे एक चाक जॅकने उचलून अॅक्सलखाली भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबू नये. गिअर न्यूट्रलमध्ये आणि डिफरन्शियल लॉक सुटलेला ठेवून चाक हाताने फिरवावे. आतील गिअरमुळे ते थोडे जड जाणारच. त्यासाठी दुसरे चाकही असेच उचलून तुलना करावी.

५) दोष बाहेर की आत : जड फिरणाऱ्या बाजूचा ब्रेक रॉड सोडून चाक पुन्हा फिरवावे. चाक मोकळे झाले तर दोष बाहेर, म्हणजे रॉड, स्प्रिंग किंवा शाफ्टमध्ये आहे. तरीही जड असेल तर दोष आत आहे. लायनिंग तुटणे, आतील स्प्रिंग जाणे किंवा डिस्कमधील गोळ्या गंजून अडकणे, ही त्याची कारणे होत. हे काम जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

पिकअप, जीप व काही ट्रॅक्टरमध्ये ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतात. तेथे चाक उचलून ब्लीडिंग निपल थोडा सैल करावा. चाक लगेच मोकळे झाले तर ऑइलचा दाब अडकून राहतो. होज आतून फुगला असेल किंवा मास्टर सिलिंडरमध्ये दोष असेल. मोकळे झाले नाही तर चाकाजवळचा भाग अडकला आहे. निपल आवळून हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

दुरुस्ती करताना

शाफ्ट साफ करून ग्रीस द्यावे, मात्र ते लायनिंगला लागू देऊ नये. कमजोर स्प्रिंग बदलावी. चाक धरते म्हणून रॉड बेसुमार सैल करू नये. तसे केल्यास गरजेच्या वेळी पेडल तळाला टेकूनही ब्रेक लागत नाही. दोन्ही पेडलची चाल सारखी ठेवावी. तापलेल्या ब्रेकवर गार पाणी ओतू नये, कवच तडकण्याची भीती असते.

शेवटी दोन्ही पेडल कडीने जोडून मोकळ्या मैदानात कमी वेगाने ब्रेक लावून पाहावा. ट्रॅक्टर सरळ थांबला आणि पाय काढताच मोकळा झाला, तरच ट्रॉली जोडावी. चिखलणीनंतर पेडलचा भाग धुऊन ग्रीस देणे आणि चालवताना पाय पेडलवर न ठेवणे, एवढी काळजी घेतली तर हा दोष सहसा उद्भवत नाही.