आधी भोक बघा

जुना काचमणी धागा कापतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक माळा त्यानेच तुटलेल्या असतात. बोल मात्र दोऱ्याला लागतो. एका ताईंची व्हेनिसच्या मण्यांची माळ ऐन लग्नाच्या हॉलमध्ये सुटली. खुर्च्यांखाली वाकवाकून मणी वेचले, तरी काही फुटलेच. ओवणाऱ्याने भक्कम म्हणून मासेमारीची नायलॉनची तंगूस वापरली होती. भोकाच्या धारेने तीही कापली.

म्हणून ओवण्याआधी भोकातून साधा सुती दोरा चार वेळा आत-बाहेर ओढा. तंतू निघाले, की कड धारदार समजा. हिऱ्याची पूड लावलेली बारीक गोल कानस मिळते. मणी पाण्यात बुडवूनच ती चालवायची. कोरडी घासली तर मणी तडकतो आणि काचेची धूळ नाकात जाते. दुर्मीळ मण्याला मात्र मी कानस लावतच नाही, जाड रेशीम घेते. मणी कोणताही असो, दोन मण्यांत गाठ हवीच. पटवेकरी ती मारायला कुरकुरतात, जास्त पैसे मागतात. द्यावेत. सर तुटला तरी सगळे मणी ओघळत नाहीत.

विकत घेतानाही भिंग भोकावरच धरा. काचेची नळी ओढून तुकडे केलेल्या मण्यात रेघा आणि बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबलेले असतात. सळीभोवती काच गुंडाळून केलेल्या मण्यात ते भोकाभोवती वळसे घेतात. भोकात पांढरी माती दिसली, की विक्रेता हळू आवाजात सांगतो, ‘पैठणचा आहे, जमिनीतून निघालाय.’ काच सळीला चिकटू नये म्हणून तिला मातीचा लेप देतात, त्याचाच तो अंश असू शकतो. उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरात काल-परवा घडलेल्या मण्यातही तो सापडतो.

समजा, विक्रेता खरं बोलतोय. मग तर हातही लावू नका. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या लेकीला पणजीची माळ पाठवायची असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. सातवाहनकालीन मणी बघायची हौस तेर गावच्या संग्रहालयात फुकटात म्हणावी इतकी स्वस्तात भागते.

माळ घरी आली, की चकाकीच्या मोहाने ती साबणाच्या पाण्यात भिजत घालू नका. काही जुन्या काचेत क्षार जास्त असतो. दमट हवेत तो बाहेर येतो, मणी चिकट लागतो, मग बारीक तडे जातात. असे मणी कोरड्या मऊ फडक्याने टिपावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, आणि घाम येईल अशा दिवशी गळ्यात घालू नयेत. मुंबईकरांनी तर ते डिसेंबर-जानेवारीतच मिरवावेत.