रस्त्याआधी वेळ ओळख

पोरी, ऑस्ट्रेलियात गाडी घेऊन शहराबाहेरच्या आडरस्त्यांनी फिरणार आहेस असं कळलं. जा, खुशाल जा. तिथला एकही रस्ता मी पाहिलेला नाही. पण भंडारा जिल्ह्यात साकोली, तुमसर, पवनी, लाखांदूरकडच्या आडवाटांवर एसटी चालवण्यात माझी नोकरी सरली. त्यातल्या चार गोष्टी ऐकून ठेव.

"हा रस्ता सुरक्षित आहे का?" असं कधी विचारू नको. "या महिन्यात, या घटकेला इथं काय चालू असतं?" असं विचार. आपल्याकडचंच बघ. जुलैत रोवणी लागली की चिखलणीचे ट्रॅक्टर लोखंडी चाकांनिशी धानाच्या बांधीतून थेट डांबरावर चढतात. मागे चिखलाचा पट्टा पडतो. वरून एक सर आली की रस्ता साबण लावल्यासारखा होतो, आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर तर एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल बांधी. दिवाळीच्या सुमारास त्याच रस्त्यानं धानाच्या ट्रॉल्या निघतात, कित्येकांना मागचा दिवा नसतो. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात, तेव्हा कोका-नागझिऱ्याकडच्या जंगलात पहाटे माणसंही वेचायला जातात आणि अस्वलंही येतात. रस्ता तोच, धोका दर हंगामाला वेगळा. तिथंही शेतीचा, पावसाचा, वणव्याचा हंगाम कोणता ते आधी माहीत करून घे.

पाण्याचा अंदाज डोक्यावरचं आभाळ बघून करायचा नाही. 2020च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला. त्यात वर मध्य प्रदेशात कोसळलेल्या पावसाचं आणि शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याचं बळ होतं. म्हणून नाला ओलांडायच्या आधी वरच्या अंगाला पाऊस आहे का, धरणाचं पाणी सोडलंय का, ते विचार. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांब. वाहतं पाणी 30 सेंटीमीटर असलं तरी लहान गाडी तरंगायला लागते, 60 सेंटीमीटरला मोठ्या गाडीचाही भरवसा नाही. गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की अर्धा वाहून गेला, हे वरून दिसत नाही. पुढची गाडी पार झाली, म्हणून आपली होईल असं नाही. पाणी चढलेला रस्ता ओलांडू नका, असं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचं सरकारही लोकांना सांगत असतं.

वाट विचारायचीही रीत आहे. आपल्याकडे कोणालाही विचार, "हाव, जाते ना" असंच उत्तर येतं. सांगणारा खोटं बोलत नाही, त्याची सायकल किंवा फटफटी जाते म्हणून तो तसं सांगतो. तू विचार, "आज तिकडून कोण आलं? सकाळची बस गेली का? दूधवाला कोणत्या वाटेनं आला?" तुझ्यासारखीच गाडी घेऊन त्याच दिवशी आलेल्या माणसाचं सांगणं सगळ्यात खरं. दोघांना वेगवेगळं गाठून विचार. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्याची वाट बघ. फोनमधला नकाशा रस्ता कुठं जातो ते दाखवतो, आज त्यावर झाड पडलंय का ते बहुतेक वेळा सांगत नाही.

अनोळखी माणसाची भीती सगळ्यांनाच वाटते, पण आधी गाडीला भी. जगात दरवर्षी सुमारे 12 लाख माणसं रस्त्यावरच्या अपघातांत जातात. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियम मोडू नको. ताशी 80 किलोमीटरनं गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते, आणि खालच्या दिव्याचा उजेड साधारण 40 मीटर. म्हणजे रस्त्यात उभं रानडुक्कर दिसल्यावर हाताशी दोन सेकंदही उरत नाहीत. एक चितळ आडवं गेलं की मागं दुसरं असतंच, म्हणून लगेच वेग वाढवायचा नाही. तुझ्याकडे कांगारू, तेही दिवस उगवता-मावळताच जास्त. जनावर समोर आलं तर सरळ ब्रेक दाब, स्टिअरिंग ओढू नको. जनावर चुकवताना गाडी झाडावर जाते नाहीतर उलटते.

माणसांपासून जपायचं तेही साधंच. एकटी असलीस तर ते कोणाला सांगू नको. समोरच्या गावात पाहुणे वाट बघताहेत म्हण. "माझ्या मागं या, जवळची वाट दाखवतो" म्हणणाऱ्याच्या मागं मुख्य रस्ता सोडू नको. कोणी गाडीसमोर हात केला तर काच थोडीच खाली कर, इंजिन चालू ठेव. आपल्याकडे रात्री नदीच्या घाटावरून रेतीचे टिप्पर सुटले की आम्ही बाजू द्यायचो. थांबायचं नाही, वाद घालायचा नाही, फोटो तर मुळीच काढायचा नाही. परक्या मुलखात दुसऱ्याच्या धंद्यात डोकावू नये.

घरच्यांना नुसतं "निघाले" असं कळवू नको. गाडीचा नंबर, वाट, मुक्कामाचं गाव, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, एवढं लिहून दे. आपल्याकडे 112 आणि वनखात्याचा 1926, तिथं 000. रेंज असेल तिथंच हे नंबर कामाचे, म्हणून शेवटच्या मोठ्या गावातूनच फोन कर. टाकी अर्धी झाली की भर, प्यायचं पाणी जास्तीचं ठेव. ओसाड मुलखात गाडी बंद पडली तर गाडी सोडून पायी निघू नको. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

आणि निघायच्या आधीच परत फिरायची वेळ ठरव. दुपारी दोनपर्यंत अमुक गाव आलं नाही तर माघारी, असं घरीच ठरलेलं असावं. वाटेत ठरवायला बसलीस की "आता एवढं आलोच आहोत" हेच मन सांगतं, आणि सोबतचे त्याला हो म्हणतात. पेट्रोल, उजेड आणि अंगात ताकद शिल्लक आहे तोवरच गाडी वळवता येते. वळवलीस म्हणून कोणी हसलं, तर हसू दे. रस्ता कुठं पळून जात नाही, उद्या सकाळी पुन्हा निघ.