घरातली वेल : मनी प्लँट

दिल्लीतील वसाहत असो की चेन्नईतील एखादे लहानसे दुकान, खिडकीपाशी बाटलीत वाढणारी मनी प्लँटची वेल तुम्ही पाहिली असेल. ही वेल दुसऱ्याच्या दारातून न विचारता आणली, तरच घरात पैसा येतो, अशी एक समजूत आहे. पैशाचे राहू द्या. पण असा खुडून आणलेला तुकडा सहज रुजतो, हे मात्र खरे. त्याचे कारण या वेलीच्या रचनेत आहे.

मनी प्लँट ही अळूच्या कुळातील वनस्पती असून ती मूळची प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरची आहे. तिच्या खोडावर ठरावीक अंतराने पेरे असतात. पेरापाशी तपकिरी रंगाचा लहानसा उंचवटा दिसतो. ते हवाई मूळ होय. नवे मूळ आणि नवा कोंब पेरातूनच फुटतात. म्हणून वेल पेराच्या किंचित खाली कापावी. पेराशिवाय नुसते पान लावल्यास त्यातून वेल वाढत नाही. या वेलीला फुले जवळजवळ येतच नाहीत. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

झाडांच्या सावलीत वाढण्याची सवय असल्याने तिला भरपूर उजेड हवा, पण दुपारचे कडक ऊन नको. अंधाऱ्या कोपऱ्यात पानांवरील पिवळसर छटा नाहीशी होते आणि पेरे लांबच लांब होत जातात. कुंडीतील वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. पान पिवळे पडले की अनेक जण आणखी पाणी ओततात. वास्तविक पुष्कळदा अतिपाण्यामुळे मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. कुंडीत काथ्या गुंडाळलेली काठी रोवावी. वर चढणाऱ्या वेलीची पाने मोठी होत जातात, तर खाली लोंबणाऱ्या वेलीची लहानच राहतात.

आता बाटलीतील पाण्याविषयी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या काठाला अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस पुरतात. पाणी आठवड्यातून एकदा बदलावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तेवढे पुरेसे नाही. अंडी बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहू शकतात. पाणी ओतून दिले, तरी ती तशीच राहतात. म्हणून बाटली आतून ब्रशने घासावी, मुळे धुवावीत आणि मगच नवे पाणी भरावे. कुंडीखालच्या ताटलीलाही हाच नियम लागू आहे. अरुंद तोंडाची बाटली दिसते छान, पण तिच्यात हात वा ब्रश जात नाही. त्यापेक्षा रुंद तोंडाची बरणी बरी.

अळू कच्चे खाल्ल्यास घसा खाजतो, तो कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक याही वेलीत असल्यामुळे लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून ती दूर ठेवावी. छाटलेले तुकडे झाडाखाली किंवा रानात टाकू नयेत. प्रत्येक पेर रुजते. श्रीलंकेत बागेबाहेर पडलेली हीच वेल जमिनीवर पसरून आणि झाडांवर चढून स्थानिक वनस्पतींची जागा बळकावून बसली आहे.