शिवमंदिराची चढाई

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ॲरिझोना नावाचे राज्य आहे. तेथील उजाड, खडकाळ प्रदेशातून कोलोराडो नदी वाहते. लक्षावधी वर्षे वाहत राहून या नदीने भूमी कापली आणि एक प्रचंड दरी निर्माण केली. तिला ग्रँड कॅन्यन म्हणतात. ही दरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब असून काही ठिकाणी तिची खोली दीड किलोमीटरहूनही अधिक आहे.

या दरीत अनेक सुटे डोंगर उभे आहेत. त्यांपैकी काहींचा माथा सपाट आणि बाजू तुटलेल्या आहेत. स्पॅनिश भाषेत मेजाला 'मेसा' म्हणतात. म्हणून अशा डोंगरांनाही तेच नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने या दरीचा अभ्यास केला. त्या भव्य डोंगरांत त्याला पौर्वात्य मंदिरांचा भास झाला. त्याने एकाला विष्णूचे मंदिर म्हटले, तर दुसऱ्याला शिवाचे. अशा रीतीने भारतापासून हजारो मैल दूर असलेल्या एका वाळवंटी डोंगराला 'शिवमंदिर' हे नाव मिळाले.

शिवमंदिराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७,६०० फूट आहे. त्याच्या माथ्यावर सुमारे ३०० एकरांचे पठार असून त्यावर झाडी आहे. दरीच्या उत्तर काठावरून पाहिले, तर हे पठार अगदी समोर दिसते. परंतु मध्ये एक खोल खिंड आहे. त्यामुळे हे पठार म्हणजे आकाशातील एक बेटच भासते.

या बेटाविषयी शास्त्रज्ञांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. ग्रँड कॅन्यनच्या दोन काठांवर दोन प्रकारच्या खारी आढळतात. उत्तर काठावरील खारीचे पोट काळसर आणि शेपटी पांढरी असते. दक्षिण काठावरील खारीचे पोट पांढरे असून शेपटी करड्या रंगाची असते. आज शास्त्रज्ञ त्यांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानतात. मध्ये दरी असल्यामुळे दोन्हींचा संबंध तुटला आणि त्या हळूहळू वेगळ्या झाल्या. मग शिवमंदिराच्या माथ्यावरील प्राणीही हजारो वर्षे एकटे राहून वेगळे झाले असतील काय? याचे उत्तर काठावर बसून मिळणार नव्हते. त्यासाठी वर चढूनच जावयास हवे होते.

सन १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेने हे काम हाती घेतले. सस्तन प्राण्यांचे अभ्यासक हॅरल्ड अँथनी हे पथकाचे प्रमुख होते. वॉल्टर वुड हे अनुभवी गिर्यारोहक त्यांच्या सोबत होते. वर्तमानपत्रांतून या मोहिमेची फार चर्चा झाली. वर प्राचीन काळातील महाकाय प्राणी सापडतील, अशाही कल्पना रंगविण्यात आल्या.

जेथे पायवाट नाही, अशा डोंगरावर जाताना पहिला विचार मार्गाचा करावा लागतो. ग्रँड कॅन्यनचे खडक थरांनी बनलेले आहेत. कठीण चुनखडक आणि वालुकाश्म यांचे उभे कडे होतात. मऊ थर झिजून त्यांचे उतार होतात. त्यामुळे वर जाणारा मनुष्य आळीपाळीने कडा आणि उतार, पुन्हा कडा आणि उतार असे ओलांडीत जातो. उतारावर सुट्या दगडांचा घसारा असतो. पाय टाकताच तो सरकतो. कडा मात्र सर्वत्र अखंड नसतो. कोठे तरी तो ढासळलेला असतो, कोठे तरी त्यात घळ पडलेली असते. अशी जागा शोधणे हीच खरी कसोटी होय. महाराष्ट्रातील डोंगरी किल्ल्यांवर ज्यांनी आडवाटेने चढाई केली आहे, त्यांना याची कल्पना येईल.

दुसरा विचार श्रमांचा. सामान्य डोंगरावर चढणे आधी आणि उतरणे नंतर असते. शिवमंदिराची गोष्ट निराळी आहे. येथे काठावरून प्रथम हजार फुटांहून अधिक खाली खिंडीत उतरावे लागते आणि नंतर तितकेच पुन्हा वर चढावे लागते. परततानाही तसेच. म्हणजे पाय थकलेले असताना, सर्वांत शेवटी, पुन्हा एक मोठी चढण वाट पाहत असते. जो केवळ माथा गाठण्याचा विचार करतो आणि परतीची चढण विसरतो, तो संकटात सापडतो.

तिसरा विचार पाण्याचा. अशा रुक्ष प्रदेशात पायी चालणाऱ्या माणसाला दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी तरी लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. म्हणून दोन दिवसांसाठी ८ किलोग्रॅम वजन केवळ पाण्याचेच होते. माथ्यावर झरा नाही, ओढा नाही. ओझे अधिक घेतले तर चढणे कठीण; कमी घेतले तर तहानेने जीव धोक्यात. संशोधकांना तर कित्येक दिवस वर राहावयाचे होते. म्हणून त्यांच्यासाठी विमानातून माथ्यावर सामान टाकण्यात आले.

ऋतूचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यात दरी तापते आणि दुपारी विजांसह वादळे येतात. हिवाळ्यात उत्तर काठावर बर्फ साचते. पथकाने सप्टेंबर महिना निवडला आणि त्याच महिन्यात ते माथ्यावर पोहोचले.

वर काय आढळले? महाकाय प्राणी नव्हते. नवी जातही सापडली नाही. पथकाने सापळे लावून उंदरांसारखे लहान प्राणी पकडले. ते काठावरील प्राण्यांहून विशेष वेगळे नव्हते. माथ्यावर हरणांची गळून पडलेली शिंगेही मिळाली. म्हणजे काठावरची हरणे ती खिंड ओलांडून येथे येत होती. माणसाला जी खिंड दुर्गम वाटली, ती हरणांची नित्याची वाट होती!

याहूनही मोठे आश्चर्य पुढेच होते. दगडी हत्यारांचे तुकडे तेथे पडलेले होते. दोर आणि विमान यांचे साहाय्य नसताना या भूमीतील मूळ रहिवासी फार पूर्वी वर येऊन गेले होते. आणखी एक खूण तर अगदी ताजी होती. ती म्हणजे छायाचित्रणाच्या फितीची रिकामी डबी. एमरी कोल्ब नावाचे छायाचित्रकार अनेक वर्षे दरीच्या दक्षिण काठावर राहत होते. तेथील कडे आणि घळी त्यांनी पायांखाली घातल्या होत्या. वयाची पन्नाशी ओलांडलेले कोल्ब मोजक्या सोबत्यांसह, कोणताही गाजावाजा न करता, पथकाच्या आधीच माथ्यावर जाऊन आले होते.

मग ही मोहीम वाया गेली काय? मुळीच नाही. माथ्यावरील प्राणी वेगळे नाहीत, हेही एक उत्तरच आहे. अपेक्षेप्रमाणे उत्तर आले नाही, म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाही. दुर्गम स्थळी जाणाऱ्याने मार्ग, श्रम, पाणी आणि ऋतू यांचा विचार करावाच; परंतु त्याबरोबर त्या भूमीत राहणाऱ्यांना विचारण्याचीही तयारी ठेवावी. जी वाट आपल्या नकाशात नसते, ती पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या तरी पायांना ठाऊक असते.

स्वाध्याय

१. 'शिवमंदिर' हे नाव त्या डोंगराला कसे मिळाले?
२. दरीच्या दोन काठांवरील खारींत कोणता फरक आहे? तो कशामुळे पडला?
३. शिवमंदिरावरून परतणे अधिक श्रमाचे का आहे?
४. हरणांच्या शिंगांवरून संशोधकांना काय कळले?
५. तुमच्या परिसरातील एखाद्या डोंगरावर जावयाचे आहे असे समजा. कोणकोणती तयारी कराल आणि वाटेविषयी कोणाला विचाराल, ते दहा ओळींत लिहा.