ती पिंपं परत दे, बाय

चि. बाय हिस,

काल ताईचा फोन आला. घणसोलीच्या घरामागे तू गावठी कोंबड्या पाळायला घेतल्यास हे ऐकून बरं वाटलं, पण पुढचं ऐकून काळजात धस्स झालं. जावईबापूंनी तळोज्याच्या भंगारातून लोखंडाची दोन जुनी पिंपं आणलीत आणि रविवारी ती ग्राइंडरने कापून कोंबड्यांना अंडी घालायला खोके करणार, असं ती म्हणाली. खरं असेल तर आधी हे पत्र पुरतं वाच आणि तोवर पिंपांना कोणाला हात लावू देऊ नकोस. ठाणे-बेलापूर पट्टा काय किंवा तळोजा काय, सगळा रसायनांच्या कारखान्यांचा भाग. तिथून भंगारात आलेल्या पिंपात पूर्वी काय होतं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पिंप रिकामं दिसलं तरी तळाच्या शिवणीत थोडा द्रव राहतो. तो थिनरसारखा पेट घेणारा असेल तर त्याची वाफ आत कोंडून राहते, आणि वाफ व हवा एकत्र असताना ग्राइंडरची एक ठिणगी स्फोटाला पुरते. चार पैसे वाचवायला माणसाने एवढा धोका पत्करायचा का? मला राग आला आहे तो यासाठीच.

समजा, पिंप सुखरूप कापलं गेलं. तरीही मी नकोच म्हणेन, कारण कोंबडी चोचीने जग चाचपते. रंगाचा पोपडा, गंजाचा कण, चकाकणारा तुकडा, जे दिसेल ते टोचून पाहते, आणि तिच्या पोटात गेलेल्यातलं काही अंड्यात उतरतं. शिशाचं उदाहरण घे. शरीर शिशाला कॅल्शियमसारखं वागवतं, आणि अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या अंगात कॅल्शियमची उलाढाल सतत चाललेली असते. न्यूयॉर्क शहरातल्या सामुदायिक बागांमधल्या कोंबड्यांची ५८ अंडी संशोधकांनी तपासली, तेव्हा जवळपास निम्म्या अंड्यांत शिसं सापडलं. तू म्हणशील, तिथला दोष मातीचा होता, खोक्याचा नव्हता. बरोबर आहे, पण वाट तीच. माती टोचून जे पोटात जातं, ते जुन्या औद्योगिक रंगाचा पोपडा टोचूनही जातं. शिवाय ही अंडी बाजारात जाणार नाहीत, तुझ्या धाकट्याच्या ताटात जाणार आहेत. लहान मुलाच्या मेंदूला शिसं सर्वांत जास्त बाधतं, आणि अंड्यातलं शिसं ना चवीला कळतं, ना वासाला.

जावईबापू म्हणतील, सोड्याने धुऊ, नाहीतर आत आग लावून जाळून घेऊ. धुण्याने वरचं जातं, शिवणीतलं आणि गंजाच्या छिद्रांतलं जात नाही. शिवाय ते घाणेरडं पाणी परसातच जिरणार. जाळणं तर त्याहून वाईट. रंग आणि उरलेलं रसायन धुमसलं की विषारी धूर होतो, राख अंगणात पडते आणि कोंबड्या तीच उकरतात. पूर्व जावामधल्या त्रोपोदो गावात टोफूचे कारखाने भट्टीला इंधन म्हणून प्लास्टिकचा कचरा जाळत. २०१९ मध्ये तिथल्या परसातल्या कोंबड्यांची अंडी तपासली, तर त्यांत डायऑक्सिन फार मोठ्या प्रमाणात आढळलं. म्हणून पुन्हा सांगतो, पिंप धुऊन नको, जाळूनही नको.

याचा अर्थ पत्राच नको असा नाही. पत्र्याला मी होच म्हणेन. लाकडाच्या फटींत लाल किडे दिवसभर लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, बुरशी धरतं. पत्र्याला फटी कमी असतात आणि तो उकळत्या पाण्याने धुता येतो. जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून स्वच्छ धुता येणाऱ्या खुराड्याचं मोल आपल्या भागात वेगळं सांगायला नको. तेव्हा पत्रेवाल्याकडून कोऱ्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्याचे दोन खोके करून घे. चार-पाच कोंबड्यांना एक पुरतो. आतून लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२ इंच ठेव. वनराज किंवा गिरिराजसारखी भारी कोंबडी आणलीस तर १४. गावात तेलाचे १५ किलोचे डबे वापरतात, त्यांत विषाची भीती नाही, पण ते आडवे केले तर रुंदी जेमतेम सव्वानऊ इंच भरते, कोंबडीला आत वळता येत नाही आणि अंडी फुटतात. तोंडाशी चार इंचांची पट्टी ठेव, म्हणजे तूस बाहेर सांडणार नाही. कापलेल्या कडा दुमडून घे. त्याने पाय कापत नाहीत, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत गंज आधी उघड्या कडेलाच धरतो. पत्र्यावरच्या जस्ताची शंका काढशील, तर खाली नेहमी तूस असू दे, पांढरी भुकटी दिसली की पुसून काढ आणि ताकासारखं आंबट काही त्या पत्र्यात कधी ठेवू नकोस.

पत्रा तापतो हा आक्षेप मात्र खरा आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून उष्णता घालवते. म्हणून खोके पश्चिमेच्या उन्हात नकोत, पडवीच्या सावलीत ठेव आणि मागच्या बाजूला वरच्या अंगाला भोकं पाडून घे. बहुतेक कोंबड्या दुपारच्या आतच अंडं घालून मोकळ्या होतात, त्यामुळे सावली असली की भागतं. खुडूक कोंबडी मात्र दिवसभर बसून राहते. तिला रवणावर बसवायचं असेल तर बांबूच्या पाटीतच बसव. खोके जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असावेत आणि रात्री बसायची दांडी त्याहून उंच असावी. कोंबडी सर्वांत उंच जागी झोपते, खोका उंच झाला तर ती तिथेच झोपून विष्ठेने भरून टाकेल. पावसाळ्यात तूस रोज हाताने चाचपून बघ. नुकतं घातलेलं अंडं ओलसर आणि गरम असतं, ते थंड होताना कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून घाण आत ओढली जाते. ओल हाताला लागली की तूस बदल.

फार बोललो. तुझ्या वयात मला असं बसवून समजावणारं कोणी नव्हतं, त्याची हळहळ अजून आहे, म्हणून हात आवरत नाही. जावईबापूंना रागाने बोलू नकोस. घरासाठी काही करावं म्हणूनच त्यांनी ती पिंपं आणली. दोन्ही खोक्यांचे पैसे मी देतो, त्याची लाज बाळगू नकोस. पिंपं गेली एवढं फक्त फोन करून कळव, मग मी निश्चिंत. तू कोंबड्या पाळतेस, पोराला ताजं अंडं खाऊ घालतेस, याचं मला फार कौतुक आहे, बाय. तब्येतीला जप. धाकट्याला माझे पापे दे.

तुझा मामा